आयोमी, टोनी

आयोमी, टोनी : (१९ फेब्रुवारी १९४८ – ). विख्यात ब्रिटिश रॉक गिटारवादक, ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचा एक संस्थापक आणि हेवी मेटल या संगीतप्रकाराचा आद्य प्रवर्तक. पूर्ण नाव अँथनी फ्रँक आयोमी. जन्म बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरी, इटालियन वंशाच्या कुटुंबात. प्रारंभी तो ॲकॉर्डियन वाजवीत असे. पुढे गिटारवादक हँक मार्विनच्या वादनाने प्रभावित होऊन गिटारकडे वळला. तो डावखुरा असल्याने तारा छेडण्याचे काम डाव्या हाताकडे आणि स्वर दाबण्याचे काम उजव्या हाताकडे आले.

वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्याच दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची अग्रे यंत्रात सापडून तुटली. वादनाची आशा त्याने सोडली असता कारखान्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली; आगीत होरपळून दोन बोटे निकामी झाल्यावरही जॅझच्या क्षेत्रात अढळ स्थान मिळविणाऱ्या त्या वादकाचा दाखला आयोमीला पुन्हा वाद्य हाती घेण्यास पुरेसा ठरला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपणे घडविली, त्यांवर चामडे चढविले आणि बोटांवरील ताण कमी व्हावा म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला लावल्या.

ऑझी ऑस्बॉर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड यांच्यासह १९६८ मध्ये त्याने स्थापिलेल्या वाद्यवृंदाने पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव धारण केले. मधल्या काळात ‘जेथ्रो टल’ या वाद्यवृंदात तो अल्प मुदतीसाठी रुजू झाला होता. ‘ब्लॅक सॅबथ’ व ‘पॅरानॉइड’ (दोन्ही १९७०), ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ (१९७१) आणि ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ (१९७३) या ध्वनिमुद्रिकांनी त्याची कीर्ती दृढ केली. ऑस्बॉर्न बाहेर पडल्यावर रॉनी जेम्स डिओ या गायकासह केलेली ‘हेवन अँड हेल’ (१९८०) हीही विशेष मान्यता पावली. गायक व सहवादक वारंवार बदलले, तरी वाद्यवृंदाच्या साऱ्या हयातीत आयोमी तेवढा अखंड राहिला.

त्याच्या शैलीचा पाया म्हणजे ‘रिफ’, अर्थात आवर्तनाने येणारी लहान, ठसठशीत स्वराकृती. बहुस्वरी मेळ दाबणे जखमी बोटांना अवघड जात असल्याने षड्ज-पंचमाच्या द्विस्वरी मेळावर त्याने भर दिला आणि गिब्सन एसजी गिटार व लेनी ध्वनिवर्धक यांच्या साह्याने त्या मेळाचा नाद विस्तारला. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’तील काही गीतांत त्याने तारा प्रचलित स्वरजुळणीपेक्षा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या, त्यामुळे तारा सैल होऊन बोटांना आराम मिळाला, आणि नादाला रॉक संगीतात तोवर अपरिचित असे गांभीर्यही लाभले. ‘ब्लॅक सॅबथ’ या गीतात षड्जानंतर येणारा तीव्र मध्यम भयाची जी भावना जागवितो, ती मंद लयीमुळे अधिकच गडद होते. मात्र केवळ दडपून टाकणारा नाद हे त्याचे सर्वस्व नव्हे: एकाच रचनेत लय पालटणे, एकल वादनाचे दोन पदर एकमेकांवर मुद्रित करणे आणि मधूनच सौम्य, विद्युत्‌विरहित गिटारचे तुकडे योजणे, यांतून त्याची रचनाकाराची दृष्टी प्रत्ययास येते.

२००६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने ‘ब्लॅक सॅबथ’चा गौरव केला. २०१२ मध्ये लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे निदान झाल्यावरही उपचार घेत त्याने ‘१३’ (२०१३) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क येथे चारही मूळ सदस्यांनी अखेरचे एकत्र वादन केले.

पुढील पिढ्यांतील ‘मेटॅलिका’सारख्या वाद्यवृंदांनी आयोमीच्या शैलीचा वारसा उघडपणे मान्य केला आहे. दोन्ही हात धडधाकट असलेले असंख्य वादक आज तारा उतरवून आणि द्विस्वरी मेळ योजून वाजवितात. एका जखमी हाताची निकड अशा रीतीने एका संपूर्ण संगीतप्रकाराचे व्याकरण बनली, हे आयोमीचे खरे कर्तृत्व होय.