अर्धी गोळी

२००५ सालची गोष्ट. बीएड करून उर्दू शाळेत नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. शाळा सकाळी सातची. एके दिवशी तिसरीतल्या एका मुलाची नानी वर्गाच्या दाराशी येऊन थांबली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून तिने एक कागदाची पुडी माझ्या हातात दिली. आत अर्धी गोळी होती, मोठ्या माणसाची, सुरीने कापलेली. "आपा, आठ बजे की गोली है इसकी. चुकने का नहीं," एवढंच ती म्हणाली. मुलाचे आईवडील दोघंही वारले होते. कशाने, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण मला समजलं होतं.

पंधरा-वीस दिवस मी रोज आठ वाजता त्याला बाहेर बोलावून पाणी देत होते. मग कुठून तरी बातमी फुटली. काही पालक मुख्याध्यापकांकडे आले. मला बोलावणं आलं. "तुम्हाला याच्या आजाराबद्दल माहीत होतं का?" मी म्हणाले, "नाही सर." त्यानंतर मुलगा शाळेत आला नाही. महिन्याभराने हजेरीपटात त्याच्या नावापुढे मीच लाल शाईने लिहिलं, 'नाव कमी केले'.

माझं ते 'नाही' आजही टोचतं. पण त्यासोबत एक साधा प्रश्नही माझ्याकडे राहिला होता. ती गोळी अर्धी का होती? मुलासाठी मुलाची गोळी का नव्हती? पुढे अनेक वर्षं जमेल तसं वाचत गेले, आणि लक्षात आलं की या अर्ध्या गोळीला एक इतिहास आहे.

तो सुरू होतो एचआयव्हीच्या बराच आधी. १९५२ साली अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डन ब्रुटन या बालरोगतज्ज्ञांकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होई. औषधाने बरा होई आणि काही दिवसांनी परत आजारी पडे. ब्रुटन यांनी त्याच्या रक्ताची तेव्हा नवी असलेली एक तपासणी केली. रक्तात रोगाशी लढणारी जी प्रथिनं असतात त्यांचा एक मोठा गट म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन. या मुलाच्या रक्तात ते सापडलंच नाही. ब्रुटन यांनी त्याला दर महिन्याला गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. जन्मतःच प्रतिकारशक्ती अपुरी असू शकते आणि तिची उणीव बाहेरून भरून काढता येते, हे या एका मुलामुळे समजलं. बालरोगशास्त्राची एक नवी शाखाच त्यातून उभी राहिली.

तीस वर्षांनी याच शाखेतल्या डॉक्टरांपुढे वेगळीच मुलं येऊ लागली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डॉ. आर्ये रुबिन्स्टाइन, न्यूअर्क शहरात डॉ. जेम्स ओलेस्क, सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. आर्थर अम्मान. या मुलांनाही वारंवार संसर्ग होत होते, वजन वाढत नव्हतं. पण तपासणी जुन्या आजाराशी जुळत नव्हती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन कमी नव्हतं, उलट गरजेपेक्षा जास्त होतं. फक्त ते कामाचं नव्हतं. बहुतेक मुलं गरीब वस्त्यांतली होती आणि अनेकांच्या आयाही आजारी होत्या.

तेव्हा एड्स हा समलिंगी पुरुषांचा आजार आहे अशी समजूत होती. तान्ह्या बाळांना तो होतो हे पटायला वेळ लागला. डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात अशा बाळांची नोंद आली. मे १९८३ मध्ये रुबिन्स्टाइन आणि ओलेस्क यांचे लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एकाच अंकात छापले गेले. ज्या डॉक्टरांनी जन्मजात उणिवेची मुलं पाहिली होती, त्यांनाच हा आजार जन्मजात नाही हे ओळखता आलं.

ओळखलं, पण औषध? झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध. अमेरिकेत मोठ्यांसाठी त्याला मार्च १९८७ मध्ये परवानगी मिळाली. मुलांसाठी मिळायला मे १९९० उजाडलं. मधल्या काळात राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. फिलिप पिझो यांनी २१ मुलांना हे औषध शिरेतून सतत देऊन पाहिलं. ज्यांच्या मेंदूवर परिणाम झाला होता त्या मुलांमध्ये सुधारणा दिसली. विसरलेल्या गोष्टी त्यांना पुन्हा येऊ लागल्या. हे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एलिझाबेथ ग्लेझर या आईची सात वर्षांची मुलगी एरिअल गेली. बाळंतपणात दिलेल्या रक्तातून आईला लागण झाली होती आणि आईकडून मुलीला. एरिअलला औषध मिळालं, पण फार उशिरा. मुलांसाठीच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून ग्लेझरबाईंनी त्याच वर्षी मैत्रिणींसोबत संस्था काढली.

१९९४ मध्ये मोठी बातमी आली. गरोदर आईला आणि जन्मलेल्या बाळाला झिडोव्हुडिन दिलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतं. पुढे १९९९ मध्ये युगांडातल्या कंपाला शहरात दिसलं की नेविरापिनची एक गोळी कळा सुरू झाल्यावर आईला आणि औषधाचे थोडे थेंब बाळाला दिले, तरी लागण जवळपास निम्म्याने कमी होते. ही एक गोळी गरिबालाही परवडणारी होती.

पण याची दुसरी बाजूही होती. श्रीमंत देशांत लागण झालेली बाळं जन्माला येणंच जवळपास थांबलं. म्हणजे मुलांच्या औषधाला तिथे गिऱ्हाईक उरलं नाही. ज्यांना औषध हवं होतं ती मुलं आफ्रिकेत आणि आपल्याकडे होती, आणि त्यांच्या घरात पैसे नव्हते. औषध न मिळालेल्या आफ्रिकेतल्या बाधित बाळांपैकी निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नव्हती. शिवाय आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहतात, त्यामुळे साध्या चाचणीवरून बाळाला लागण झाली आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी वेगळी, महाग चाचणी लागते. म्हणजे अनेक बाळं निदान होण्याआधीच जात होती.

इथे मुंबई या इतिहासात येते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला कंपनी सुरू केली. अलीगढचे हे रसायनशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये शिकले होते आणि त्यांची पत्नी लिथुआनियाच्या ज्यू कुटुंबातली होती. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केलं की एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत. तोपर्यंत हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. हे शक्य झालं, कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट होतं, औषधाला नव्हतं. तीन औषधं एकाच गोळीत आली आणि लाखो माणसं जगली. हमीद यांचं नाव आपल्या मुलांना क्रिकेटपटूंच्या नावांइतकं तरी माहीत असावं, असं मला वाटतं.

पण ती गोळी मोठ्यांची होती. आणि मुलांना तीच कापून दिली जाई. इथे मला माझ्या अर्ध्या गोळीचं उत्तर सापडलं. मोठ्यांच्या गोळीत स्टाव्ह्युडिन ३० मिलिग्रॅम, लामिव्ह्युडिन १५० आणि नेविरापिन २०० असे. पुढे सिप्लानेच लहानांची गोळी काढली. तिच्यात ही मात्रा ६, ३० आणि ५० होती. जरा गणित करा. पहिली दोन औषधं मोठ्यांच्या पाचव्या हिश्श्याने आहेत, नेविरापिन मात्र चौथ्या हिश्श्याने. कारण लहान मुलाचं शरीर नेविरापिन लवकर बाहेर टाकतं, म्हणून त्याला ते वजनाच्या मानाने जास्त लागतं. मोठ्यांची गोळी कितीही नीट कापली, तरी हे प्रमाण जमत नाही. मात्रा कमी पडली की विषाणू त्या औषधाला सरावतो. झांबियातल्या लुसाका शहरात डॉक्टरांनी ही नवी गोळी घेणाऱ्या मुलांच्या रक्तातलं औषध मोजून तिची खात्री केली. त्याच शहरात आधी डॉ. चिफुंबू चिंटू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की को-ट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक रोज दिलं तरी बाधित मुलांचे मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी होतात. आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निष्कर्ष आला की आजार दिसण्याची वाट न पाहता सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांना लगेच उपचार सुरू केले, तर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात.

स्टाव्ह्युडिन त्याच्या दुष्परिणामांमुळे आता मागे पडलं आहे. डोलुटेग्राव्हिर हे नवं औषध अमेरिकेत मोठ्यांना २०१३ मध्ये मिळालं. पाण्यात विरघळणारी, तान्ह्या बाळालाही देता येणारी त्याची गोळी २०२० मध्ये आली. झिडोव्हुडिनच्या वेळी मुलं तीन वर्षं मागे होती, या वेळी सात. रांगेतली त्यांची जागा अजून शेवटचीच आहे.

आपल्याकडे सरकारने एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले. मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ ला सुरू झाला. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं नाव आम्ही कमी केलं, त्यानंतर जेमतेम वर्षभराने. तोवर तो कुठे होता, अर्ध्या गोळीवर किती दिवस निघाले, मला ठाऊक नाही. नानी त्याला घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेली, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं.

२०१७ च्या कायद्याने आता एचआयव्ही असलेल्या मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कायदा चांगला आहे. पण त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत कायद्याआधी माझी गरज होती. "हो सर, मला माहीत आहे. सोबत बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने हा आजार होत नाही," एवढी दोन वाक्यं बोलायला कोणता कायदा लागत होता?

आता शाळेत नवे शिक्षक आले की मी त्यांना हा सगळा इतिहास सांगते. ब्रुटनपासून लुसाकापर्यंत. आणि माझं खोटंही सांगते, कारण तेही त्याच इतिहासाचा भाग आहे.