बुद्धिबळातील सापळे : सावज खरेच सापडते का?

पटावर मोहरी मांडून पाच-दहा चालीही होत नाहीत, तोच प्रतिस्पर्धी हतबल होतो. डावाच्या प्रारंभीच्या सापळ्यांचे नवोदितांना आकर्षण वाटते ते यामुळेच. मात्र सापळ्याची खरी पारख तो यशस्वी झाल्यावर होत नाही. प्रतिस्पर्ध्याने तो ओळखला, तर आपल्या डावाचे काय होते, यावरच त्याचे मोल ठरते.

चार चालींतील मात सर्वपरिचित आहे. पांढऱ्याचा उंट सी४ वर व वजीर एच५ वर येतो आणि एफ७ वरील प्याद्यावर घाव पडतो. या प्याद्याला राजाखेरीज कोणाचे संरक्षण नसते. नवखा खेळाडू येथे फसतो. जाणकार मात्र वेळीच 'जी'चे प्यादे एक घर पुढे सारून वजिराला हुसकावतो. वजीर माघार घेत असताना काळ्याची मोहरी बाहेर पडतात. म्हणजे सापळा फसला की भुर्दंड तो लावणाऱ्यालाच.

अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू लेगाल हे विख्यात फिलिदोर यांचे गुरू. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सापळा अधिक देखणा आहे. काळ्याचा उंट जी४ वरून पांढऱ्याच्या घोड्याला जखडतो. तरीही तो घोडा ई५ वरील प्यादे मारतो आणि वजीर उघडा पडतो. काळ्याने मोहाने वजीर मारला, की एक उंट आणि दोन घोडे मिळून राजाला मात देतात. परंतु काळ्याचा घोडा आधीच सी६ वर आलेला असेल, तर तो ई५ वरील घोडा सहज टिपतो आणि पांढऱ्याचे मोहरे फुकट जाते.

'एलिफंट ट्रॅप' या दृष्टीने सरस ठरतो. क्वीन्स गॅम्बिटमध्ये काळा आपला घोडा डी७ वर आणतो. ही चाल मुळातच सकस आहे. एफ६ वरील दुसरा घोडा जखडलेला आहे, या समजुतीने पांढऱ्याने डी५ वरील प्यादे घोड्याने मारले, तर काळा वजिराची पर्वा न करता तो घोडा मारतो. नंतर उंटाने बी४ वरून शह देऊन तो वजीर परत मिळवतो आणि एका प्याद्याच्या बदल्यात एक घोडा कमावतो. पांढरा फसला नाही, तरी काळ्याचे काहीच बिघडत नाही.

केवळ नवखेच फसतात असेही नाही. १९८८ मध्ये बिएल येथे विश्वनाथन आनंद यांनी कोलंबियाच्या अलोन्सो झपाटा यांच्याविरुद्ध पेट्रॉफ बचावात पाचव्या चालीला उंट एफ५ वर नेला. झपाटा यांनी वजीर ई२ वर आणताच ई४ वरील घोडा जखडला गेला. तो वाचत नाही हे पाहून आनंद यांनी तेथेच डाव सोडला. आदल्या वर्षी मायल्स-ख्रिस्तियानसेन डावात काळ्याने हीच चाल खेळली होती, पण मायल्स यांनी वजिराचा तो डाव साधला नाही आणि लढत बरोबरीत सुटली. पुढे पाच वेळा जगज्जेता झालेला खेळाडू कोणी मुद्दाम न लावलेल्या सापळ्यात सापडला होता.

नवखा लोभाने फसतो, कसलेला पाठांतरावरील विश्वासाने. फुकट दिसणारे प्यादे उचलण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची शेवटची चाल कशासाठी होती, हा प्रश्न स्वतःला विचारावा. सापळ्यांचा अभ्यास करायचा तो मुख्यतः यासाठीच.