ज्युपिटर नोटबुक: आकडे आणि त्यांचा हिशोब एकाच पानावर ठेवणारी वही

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अमेरिकेतल्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक शोधनिबंध आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या विकसित देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्के, असा एक आकडा त्यात होता. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणाऱ्यांनी तो उचलून धरला.

२०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या कामासाठी हाच हिशोब पुन्हा करायला घेतला. आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी मूळ लेखकांकडून एक्सेलची फाइल मिळाली आणि उलगडा झाला. सरासरीचं सूत्र २० देशांऐवजी १५ देशांवरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशोबात आलेच नव्हते. फरक फक्त तेवढ्याने पडला नव्हता. काही वर्षांचे आकडे गाळलेले होते. शिवाय न्यूझीलंडच्या एका वर्षाला आणि ब्रिटनच्या १९ वर्षांना सरासरीत सारखंच वजन दिलेलं होतं. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेली नवी सरासरी आली २.२ टक्के. मूळ लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर मात्र वाद चालू राहिला.

एक्सेलच्या चौकटीत उत्तर दिसतं आणि सूत्र त्याच्या मागे दडलेलं असतं. कोणत्या ओळी घेतल्या, कोणत्या सोडल्या, हे बघायला एकेका चौकटीवर क्लिक करत फिरावं लागतं. आकडे, त्यांवर केलेली प्रक्रिया आणि उत्तर हे सगळं एकाखाली एक मांडलेलं दिसावं, यासाठी आज जगभर जे साधन वापरलं जातं त्याचं नाव ज्युपिटर नोटबुक.

नोटबुक म्हणजे नेमकं काय?

ब्राउझरमध्ये उघडणारं एक लांबलचक पान. त्याचे तुकडे असतात, त्यांना सेल म्हणतात. काही सेलमध्ये साधा मजकूर लिहायचा, काहींमध्ये कोड. कोडच्या सेलवर शिफ्ट आणि एंटर एकदम दाबलं की तेवढाच तुकडा चालतो आणि उत्तर लगेच त्याच्या खाली उमटतं. उत्तर म्हणजे आकडा, तक्ता, आलेख, काहीही. पटलं तर पुढे जायचं, नाही तर तीच ओळ सुधारून पुन्हा चालवायची. गणिताच्या वहीत उजवीकडे कच्चं काम करून डावीकडे उत्तर लिहितात तसंच, फक्त इथे कच्चं काम खोडलं जात नाही.

पानामागे एक प्रोग्रॅम सतत चालू असतो. त्याला कर्नल म्हणतात. हा लष्करातला कर्नल नाही. या इंग्रजी शब्दाचा अर्थ दाणा किंवा गाभा. आधीच्या सेलमध्ये काय काय घडलं ते सगळं तो लक्षात ठेवतो. त्याची ही स्मरणशक्ती फार सोयीची आहे आणि नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात तेही तिच्यामुळेच.

नोटबुकची कल्पना जुनी आहे, १९८८ मध्ये आलेल्या मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरमध्येही ती होती. पण ते विकत घ्यावं लागायचं. फर्नांडो पेरेझ या मूळच्या कोलंबियातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने २००१ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी आयपायथॉन नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात २०११ मध्ये ब्राउझरमधलं नोटबुक आलं आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर हा स्वतंत्र, मोफत आणि मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन संगणकीय भाषांच्या नावांवरून हे नाव जुळवलंय. गुरूच्या चंद्रांची नोंद ज्यात आहे त्या गॅलिलिओच्या वह्यांनाही त्यातून सलाम आहे.

२०१६ मध्ये लायगोच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा मोजमापांसोबत असं नोटबुकही सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही ते चालवून तोच आलेख स्वतः काढू शकत होतं. याच लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.

पहिली बैठक: कांद्याचे भाव

सुरुवातीला काहीही इन्स्टॉल करायची गरज नाही. गुगलचं खातं असेल तर गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच उघडतं आणि मोफत वापरता येतं. मोबाइलवरही उघडतं, पण टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. लॅपटॉप घेतलेला बरा.

सरावासाठी ओळखीचे आकडे घ्यावेत. परदेशी फुलांच्या पाकळ्यांची मापं घेऊन शिकवणारे धडे इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण उत्तर चुकलं तरी ते शिकणाऱ्याला कळत नाही. कांद्याचा भाव चुकला तर लगेच कळतं. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर मिळतात. लासलगावची वर्षभराची फाइल उतरवून घ्यायची, सीएसव्ही या साध्या प्रकारात सेव्ह करायची आणि कोलॅबच्या डावीकडच्या फोल्डरच्या चिन्हावर जाऊन चढवायची. त्यात तारीख, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात.

पहिल्या सेलमध्ये मजकूर लिहायचा: फाइल कुठून घेतली, कोणत्या दिवशी घेतली, शोधायचं काय आहे. हे मराठीत लिहिलं तरी चालतं. कोडमधल्या आज्ञा मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतात. दुसऱ्या सेलमध्ये पांडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी बोलवायची आणि तिला फाइल वाचायला सांगायचं. दोन ओळींचं काम. तिसऱ्यात तक्त्याच्या पहिल्या पाच ओळी मागवायच्या आणि डोळ्यांनी वाचायच्या. ही पायरी सगळे टाळतात, आणि तिथेच फसतात.

उदाहरणार्थ, तारीख. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. पांडाज अमेरिकी पद्धतीने आधी महिना धरते, म्हणजे तिच्या लेखी तो ४ मार्च. त्यामुळे आलेख येतो, छान दिसतो आणि चुकीचा असतो. दिवस आधी आहे हे तिला स्पष्ट सांगावं लागतं.

मग सरासरी. रोजच्या सर्वसाधारण दरांची साधी सरासरी एका ओळीत निघते. पण ज्या दिवशी बाजारात जेमतेम माल आला तो दिवस आणि ज्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या तो दिवस, दोघांना तिच्यात सारखंच वजन मिळतं. न्यूझीलंड आणि ब्रिटनची गोष्ट तीच. शेतकऱ्यांच्या हातात सरासरी किती पडले हे पाहायचं असेल, तर प्रत्येक दिवसाचा दर त्या दिवसाच्या आवकेने गुणून, सगळ्याची बेरीज एकूण आवकेने भागायची. दोन्ही सरासऱ्या नोटबुकमध्ये एकाखाली एक ठेवल्या की वाचणाऱ्याला फरक दिसतो आणि कोणती का निवडली हे विचारता येतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नुसत्या आलेखाला हा प्रश्न विचारायची सोय नसते.

आलेखावर मराठी नावं टाकली तर अक्षरांच्या जागी बहुधा रिकामे चौकोन येतात. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, एवढंच त्याचं कारण. वेगळा फाँट जोडता येतो, पण पहिल्या दिवशी इंग्रजी नावांवर भागवावं.

सगळ्यात मोठा सापळा

ॲगमार्कनेटवरचे दर क्विंटलचे असतात. किलोचा भाव हवा म्हणून एका सेलमध्ये दराच्या रकान्याला १०० ने भागलं. समजा १,८०० चे १८ झाले. मधे फोन आला, परतल्यावर तोच सेल चुकून पुन्हा चालला. आता कांदा ०.१८ रुपये किलो. पानावर भागाकार एकदाच लिहिलेला दिसतो. कर्नलच्या डोक्यात तो दोनदा झालेला असतो. सेल उलटसुलट क्रमाने चालवले, मधला एखादा पुसून टाकला, तरी हेच होतं. समोरचं पान आणि मागची स्मृती यांची फारकत होते. प्रत्येक सेलशेजारी चौकटी कंसात येणारा आकडा तो कितव्या क्रमाने चालला ते सांगतो. वरून खाली १, २, ३ असे आकडे नसतील तर काहीतरी गडबड आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९ मध्ये ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली. त्यांतली जी चालवून पाहता आली, त्यांपैकी जेमतेम २४ टक्के न अडखळता शेवटपर्यंत चालली. आधीचीच उत्तरं पुन्हा आली ती फक्त ४ टक्क्यांमध्ये. कुठे लागणारी लायब्ररी नव्हती, कुठे फाइल सापडली नाही, कुठे पुसलेल्या सेलमधलं नाव खाली वापरलेलं होतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. कुणालाही दाखवण्याआधी मेन्यूतून कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवायचे. कोलॅबमध्ये हा पर्याय रनटाइम या मेन्यूत सापडतो. वरचा भागाकार तर नवा रकाना करून त्यात ठेवावा. मूळ रकाना शाबूत राहिला की सेल कितीदाही चालवा, उत्तर तेच. कोलॅबमध्ये आता कोड लिहून देणारा जेमिनाय हा एआय सहायकही असतो आणि नवशिक्याला त्याची मदत होते. पण दर क्विंटलचे आहेत की किलोचे, हे तपासणं माणसाकडेच राहतं.

शेअर करण्याआधी

नोटबुकच्या फाइलमध्ये कोडबरोबर उत्तरंही साठतात. सोसायटीची किंवा शाळेची यादी वापरली असेल, तर पहिल्या पाच ओळींमधली नावं आणि फोन नंबर फाइलसोबत जसेच्या तसे समोरच्याकडे जातात. कोलॅबमध्ये चढवलेली फाइल गुगलच्या सर्व्हरवर जाते, हेही विसरू नये. खासगी माहिती असेल तर स्वतःच्या संगणकावर ज्युपिटरलॅब टाकून काम करावं. तेही मोफतच आहे. देण्याआधी मेन्यूतून सगळी उत्तरं पुसताही येतात.

उलट अडचणही येते. नोटबुक गुगल ड्राइव्हमध्ये जपलं जातं, पण बैठकीत चढवलेली सीएसव्ही फाइल बैठक संपली की पुसली जाते. बराच वेळ काही केलं नाही तर कोलॅब आपणहून बंद होतं. दुसऱ्या दिवशी नोटबुक उघडल्यावर फाइल सापडत नाही असा लाल संदेश आला, तर घाबरायचं कारण नाही. फाइल पुन्हा चढवायची आणि पहिल्या सेलपासून सुरू करायचं.