गंगाधरशास्त्र्यांचा खून : आरोप, पुरावा आणि निर्णय

२० जुलै १८१५ रोजी रात्री पंढरपूर क्षेत्री बडोदेकर गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. या घटनेचे राजकीय परिणाम सुपरिचित आहेत. परंतु खून कोणी करविला, हा मूळ प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे कधीच आला नाही. म्हणून आरोप, पुरावा आणि निर्णय या तीन गोष्टी येथे पृथक् करून पाहावयाच्या आहेत.

शास्त्री १८१४ मध्ये इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले. गायकवाड-पेशवे यांच्यामधील जुन्या देण्याघेण्याचा निकाल लावणे व अहमदाबादच्या इजाऱ्याची मुदत वाढवून घेणे, ही त्यांची कामगिरी होती. इजारा मात्र बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांजकडे गेला. पुढे बाजीरावांनी शास्त्र्यांच्या मुलास आपली मेहुणी देऊ केली. नाशिक येथे लग्नाची तयारी झाल्यावर शास्त्र्यांनी माघार घेतली. खुनाचा हेतू सामान्यतः या अपमानात शोधला जातो.

त्या रात्रीचा वृत्तांत मुख्यतः शास्त्र्यांच्या बरोबरच्या मंडळींच्या सांगण्यावर आधारलेला आहे. प्रकृती बरी नसल्याने शास्त्र्यांनी देवदर्शनास येण्याचे नाकारले होते. त्रिंबकजींचे निरोपावर निरोप आल्यामुळे ते थोड्या माणसांनिशी निघाले. वाटेत गर्दीतील कोणी ‘शास्त्री कोणते?’ असे विचारले व ‘कंठीवाले’ असे उत्तर मिळाले. दर्शन आटोपून परतताना मागून धावत आलेल्या इसमांनी त्यांच्यावर तलवारीचे वार केले.

रेसिडेंट एल्फिन्स्टन यांस ही वार्ता वेरूळ येथे कळली. त्यांनी केलेल्या चौकशीत त्रिंबकजींविरुद्ध जो पुरावा जमला तो परिस्थितिजन्य होय : आग्रहाचे बोलावणे, आणि खुनानंतर तपासाविषयी दाखविलेली उदासीनता. संशयाची दुसरी दिशाही होती. बडोद्याचे पदच्युत दिवाण सीताराम रावजी यांचे शास्त्र्यांशी उघड वैर असून त्यांचा हस्तक गोविंदराव बंधूजी पुण्यास होता. स्वतः त्रिंबकजींनी याच वैराकडे बोट दाखविले. तथापि आरोपीनेच सुचविलेला संशय म्हणून तो त्याज्य ठरत नाही, तसा ग्राह्यही ठरत नाही.

एल्फिन्स्टन यांनी दोष त्रिंबकजींवर ठेवला व बाजीरावांचे नाव बुद्ध्या वगळले. हा विवेक न्यायाचा नसून मुत्सद्देगिरीचा होता : पेशव्यांस मंत्री देऊन सुटण्याची वाट त्याने ठेवली. सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या स्वाधीन झाले. १२ सप्टेंबर १८१६ रोजी ते ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावांस त्रिंबकजींचा अपराध मान्य करावा लागला. त्याच तहाने मराठी राज्यसंघाचे प्रमुखपद गेले, आणि अहमदाबादचा इजारा गायकवाडांस कायमचा मिळाला.

अशा रीतीने अपराधाचा निर्णय तहाच्या कलमाने झाला. पराभूत पक्षाची सक्तीची कबुली हा राजकीय दस्तऐवज आहे. ती खुनाचा पुरावा होऊ शकत नाही. १८१८ मध्ये पुन्हा पकडले गेलेले त्रिंबकजी १८२९ मध्ये चुनारच्या कैदेत, खटल्यावाचून, वारले. त्यांच्यावरील संशय बलवत्तर आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. मात्र ‘संशय’ या शब्दाच्या जागी ‘सिद्ध’ हा शब्द योजण्याचा अधिकार उपलब्ध साधने अभ्यासकास देत नाहीत.