बालहक्कांवर जगाची नजर : नांदेड-लातूरसाठी त्याचा अर्थ काय?

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता मंजूर केली. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारतानेही ती स्वीकारली. संहितेत ५४ कलमे आहेत. शिक्षण, आरोग्य, ओळख आणि शोषणापासून संरक्षण हे हक्क त्यात येतात. हे सगळे दिल्ली-जिनिव्हाचे, आपल्याला त्याचे काय, असे कुणालाही वाटेल. म्हणूनच ही माहिती इथे देत आहोत.

देखरेख कशी चालते?

प्रत्येक सदस्य देशाने साधारण दर पाच वर्षांनी अहवाल द्यायचा असतो. १८ स्वतंत्र तज्ज्ञांची समिती जिनिव्हात तो तपासते, सरकारी प्रतिनिधींना प्रश्न विचारते आणि शिफारशी करते. स्वयंसेवी संस्थाही आपला वेगळा अहवाल पाठवू शकतात. भारताबाबत २०००, २००४ आणि २०१४ मध्ये अशा शिफारशी झाल्या. समिती कुणाला दंड करू शकत नाही. थेट तक्रारीची सोय करणारा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. म्हणजे उदगीर किंवा कंधारच्या पालकाला जिनिव्हाचे दार ठोठावता येत नाही. त्याला दाद इथेच मागायची आहे, आणि त्यासाठी हातात कागद हवा.

पहिला कागद : जन्मदाखला

संहितेचे कलम ७ सांगते की बाळाची नोंद जन्मल्याबरोबर व्हावी. आपल्याकडे २१ दिवसांत नोंद केली तर शुल्क लागत नाही. वर्ष उलटले की मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात २०२५ पासून अशा उशिराच्या अर्जांची छाननी फार कडक झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणजे हाच दाखला. "करू नंतर" म्हणणे आता परवडणारे नाही.

वय आणि निकाह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते. आपल्या शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. हा प्रश्न एका समाजाचा नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक घरांत मुलीच्या काळजीपोटी घाईने लग्न लावतात. पण आपल्या मोहल्ल्यात असे होत नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. २०१४ मध्ये समितीने सुचवले होते की बालविवाह प्रतिबंध कायदा व्यक्तिगत कायद्यांच्या वर असल्याचे सरकारने स्पष्ट करावे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ च्या निकालात या मुद्द्यावर अंतिम उत्तर दिलेले नाही. तो वाद चालू राहील. तोवर काझीसाहेबांनी निकाहाआधी दोघांचे जन्मदाखले बघितले, तर कितीतरी मुली दहावीच्या पुढे जातील.

नोंद झाली म्हणून जाब विचारता आला

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे पुढे आले. त्यात १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा, आरोग्यावरच्या खर्चाचा हिशेब मागितला. आकडा नोंदला गेला होता, म्हणूनच हे शक्य झाले. संहितेचे कलम २४, म्हणजे आरोग्याचा हक्क, नेमके याचसाठी आहे.

दाद कुठे मागायची?

• तातडीची मदत : १०९८, चोवीस तास, मोफत.
• निराधार किंवा छळ होत असलेले मूल : जिल्ह्याची बालकल्याण समिती.
• ठरत असलेला बालविवाह : गावात ग्रामसेवक, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी.
• शाळा, दवाखाना वा प्रशासन ऐकत नसेल तर : राज्य बालहक्क संरक्षण आयोग, मुंबई.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुठल्याच अहवालात जात नाही. आपल्या मुलांबद्दल जिनिव्हात प्रश्न विचारला जावा असे वाटत असेल, तर त्यांची नोंद आधी आपल्या ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत झाली पाहिजे.