कवडसा आणि काचपट्टी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात वाटाड्या दिव्याची जागा बदलून बुद्धमूर्ती दाखवतो. उजेड डावीकडून आला की चेहऱ्यावरचा भाव एक, उजवीकडून आला की दुसरा. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, मी विद्यार्थ्यांना तिथे न्यायचो तो अर्धा याचसाठी. पुढच्या तासाला सूक्ष्मदर्शक शिकवणं सोपं जाई.

कौलांच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ नाचताना आपण सर्वांनी पाहिली आहे. अंगणातही तीच धूळ असते, पण भोवतालच्या उजेडात ती हरवते. जर्मनीतल्या येना शहरात झिग्मोंडी आणि झीडेनटोप्फ या दोघांनी १९०३ साली नेमका हा कवडसाच सूक्ष्मदर्शकाला जोडला. प्रखर प्रकाशाचा झोत बाजूने, काटकोनात सोडायचा. डोळ्यात शिरेल तो फक्त कणांनी विखुरलेला प्रकाश. लाल काचेतले सोन्याचे कण, ज्यांचा आकार कोणत्याही भिंगाला दाखवता येत नव्हता, ते काळ्या पडद्यावर ठिपक्यांसारखे चमकले. झिग्मोंडींना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण कण पृष्ठभागावर बसलेला असला की खरी पंचाईत! काचेवरचे ओरखडे, बोटांचा तेलकटपणा, पुसलेल्या फडक्याचे धागे, सगळेच चमकतात. त्यात इतक्या बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की त्याने विखुरलेला प्रकाश चौसष्टपट घटतो. कण मंदावतो, काचेचा गोंगाट तेवढाच राहतो. १९५६ मध्ये ॲम्ब्रोज यांनी काचेच्या आतच पूर्ण परावर्तित होणारा प्रकाश वापरला. तो काचेबाहेर मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकाही जात नाही, त्यामुळे काचेला लगटून असलेलंच तेवढं उजळतं. ओरखडे मात्र तरीही उजळतातच. म्हणून आज काचेचं चित्र आधी घेतात आणि संगणकावर ते नंतरच्या चित्रातून वजा करतात.

हे मी फजितीतून शिकलो. काळ्या कागदाची टिकली प्रकाशाच्या मध्यभागी लावून, भरपूर पाण्यात मिसळलेल्या दुधाचा थेंब काचपट्टीवर वाळवून मी वर्गाला ठिपके मोजायला लावले. आकडे फळ्यावर लिहिले, सरासरीही काढली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, कोरी पट्टी बघू का?’ तिने पाहिली. ठिपके जवळजवळ तेवढेच होते.

मी फळा पुसला. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगवहीत पहिला रकाना कोऱ्या पट्टीचा असे.