जनुकविद्येचें खुलें भांडार

शके १२१२ मध्यें, म्हणजे सन १२९० मध्यें, प्रवरेच्या कांठीं नेवाशास ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपलें मराठी निरूपण सांगितलें आणि सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें. ज्या खांबाला टेकून तें सांगितलें असें परंपरा मानते, तो खांब आजही तेथें दाखवितात. गीता त्यापूर्वीं पोथ्यांत होतीच. परंतु संस्कृत न जाणणाऱ्यास तिचें असणें नसण्यासारखेंच होतें. ज्ञान असणें ही एक गोष्ट, आणि तें माणसापर्यंत पोहोंचणें ही दुसरी. आज मला सांगावयाचा विषय जनुकविद्येचा, म्हणजे दिसावयास अगदीं निराळा आहे. पण त्याचें मर्म मला याच खांबापाशीं सांपडतें.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला. या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत माझी सारी नोकरी गेली. आनुवंशिकतेविषयीं जें कांहीं मुलांना सांगावें लागे, तें मीं घोकवून घेतलें. समजावून दिलें असें म्हणण्याचें धाडस होत नाहीं, कारण मलाच तें समजलेलें नव्हतें. निवृत्तीनंतर नात दहावीस गेली. तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. पुस्तकावर छापलेल्या चौकोनी खुणेवर तिनें मोबाईल धरला, आणि ‘दीक्षा’ या शासकीय भांडारांतील मराठी पाठ त्यावर उघडला. आजोबा आणि नात अशीं आम्हीं दोघेंही त्या दिवशीं एकाच इयत्तेंत बसलों. तेव्हांपासून हें ज्ञान इतक्या दुरून आमच्या ओसरीवर कसें आलें, याचा शोध घेण्याचा मला छंद लागला.

या विद्येचा आरंभच एका न वाचल्या गेलेल्या लेखानें झाला. ब्रून येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलनें वाटाण्याचे संकर करून पाहिले. उंच वाटाण्याचा ठेंगण्याशीं संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सारीं झाडें उंच निघालीं. पण त्यांच्याच बियांपासून पुढची पिढी काढली, तेव्हां सुमारें तीन उंच झाडांमागें एक ठेंगणें झाड पुन्हां उगवलें. ठेंगणेपणा नाहींसा झाला नव्हता, नुसता दडून बसला होता. असा दडणारा गुण तो अप्रभावी, आणि त्याला झांकणारा तो प्रभावी. हें सारें मेंडेलनें १८६५ मध्यें सभेपुढें वाचलें आणि १८६६ मध्यें छापलें. छापील अंक ग्रंथालयांत गेले. पण त्यांचें मोल कोणास कळलें नाहीं. १९०० मध्यें तो लेख पुन्हां उजेडांत आला, तोंपर्यंत मेंडेलला जाऊन सोळा वर्षें झालीं होतीं.

पुढची वाटचाल वेगानें झाली. १९५३ मध्यें वॉटसन आणि क्रिक यांनीं डीएनएची पिळदार जोडशिडी कशी असते तें दाखविलें. त्यांत रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा वांटा मोठा होता. १९७३ मध्यें कोहेन आणि बॉयर यांनीं एका जीवाचें जनुक कापून दुसऱ्यांत बसविण्याची रीत सिद्ध केली, आणि जनुकीय अभियांत्रिकी जन्मास आली. या शोधांची अक्षरें सांठवावयाची कोठें? मार्गारेट डेहॉफ या विदुषीनें १९६५ मध्यें ६५ प्रथिनांच्या रचना एका पुस्तकांत छापल्या. त्या वेळीं पुस्तक पुरेसें होतें. १९८२ मध्यें अमेरिकेंत ‘जेनबँक’ नांवाची पेढी निघाली. तिच्यांत ठेव असते ती ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या माळांची, आणि काढतां ती कोणालाही येते. १९९६ मध्यें बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनीं ठरविलें कीं, मानवी जनुकसंचाची जी अक्षरें वाचून होतील तीं २४ तासांच्या आंत सर्वांसाठीं खुलीं करावीं. २००३ मध्यें तें काम पूर्ण झाल्याचें जाहीर झालें, तेव्हां सुमारें ३०० कोटी अक्षरांचा हा ग्रंथ जगाच्या मालकीचा झाला होता.

भांडार उघडलें, तसे शिकविणारेही पुढें आले. अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेनें २००१ मध्यें आपले अभ्यासक्रम फुकट खुले करण्याचें जाहीर केलें. आपल्याकडे २००३ पासून आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं ‘एनपीटेल’ची व्याख्यानमाला उभी केली, २०१७ मध्यें ‘स्वयम्’ आलें. रेण्वीय जीवशास्त्राचीं व्याख्यानें या दोन्ही ठिकाणीं घरबसल्या ऐकतां येतात. प्रमाणपत्र हवें असेल तरच परीक्षेचें शुल्क द्यावें लागतें. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेनें मेंडेलच्या वाटाण्यापासूनची सारी कथा चलच्चित्रांनीं सांगितली आहे. आपल्या विश्वकोशाचे मराठी खंडही संकेतस्थळावर खुले आहेत.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, मग उणें काय राहिलें? त्याचें उत्तर मी आपल्या जिल्ह्याच्या शेतांतून देतों.

शेवगांव-पाथर्डीकडे कापूस पुष्कळ. २००२ मध्यें भारतांत बीटी कापसास परवानगी मिळाली. मातींतील एका जीवाणूचें जनुक या कापसांत घातलेलें असतें. त्यामुळें झाडांतच असें प्रथिन तयार होतें कीं, बोंडअळीनें तें खाल्लें म्हणजे ती मरते. त्या काळीं ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या, बीटी नसलेल्या बियाण्याची १२० ग्रॅमची लहान पुडी मिळे. ती शेताच्या कडेनें पेरावयाची असे. पुष्कळ शेतकऱ्यांनीं ती पेरलीच नाहीं. जाणून-बुजून अळीला खाऊं घालावयाचें, हें कोणत्या कष्टकऱ्यास पटेल?

पण त्या पुडींत मेंडेल होता. लाखो अळ्यांत एखादी बीटीचें विष पचविणारी निघते, आणि हा गुण बहुधा अप्रभावी असतो. कडेच्या साध्या कापसावर वाढलेले पतंग त्या एखाद्या चिवट पतंगाशीं जुळले, तर त्यांच्या संततींत चिवटपणा दडून राहतो आणि ती संतति बीटीवर मरते. कडेचा कापूसच नसेल, तर चिवटाला जोडीदार मिळतो तोही चिवटच, आणि मग सारी प्रजा तशीच निपजते. गुलाबी बोंडअळीचें पुढें असेंच झालें. फरदड ठेवून उन्हाळ्यापर्यंत तिला घर देण्याचाही त्यांत दोष होता. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत या अळीनें कापसाची दैना केली. या अळीनें काय करावें हें मेंडेलच्या लेखांत दीडशें वर्षांपूर्वीं लिहिलेलें होतें, आणि त्या कापसांतील जनुकाची अक्षरमाळ जेनबँकेंत कोणालाही पाहतां येण्याजोगी होती. फक्त बांधावर उभें राहून, शेतकऱ्याच्या भाषेंत, ‘ही पुडी कां पेरावयाची’ तें पटवून देणारा माणूस बहुतेक ठिकाणीं नव्हता.

हा माणूस तयार होण्यास नगरची भूमि कांहीं नापीक नाहीं. १८४२ मध्यें ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक याच शहरांत निघालें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा असला, तरी सृष्टिविज्ञानाचे लेख त्यानें मराठींत दिले. १९६८ मध्यें राहुरीस कृषि विद्यापीठ आलें. त्याची ‘फुले वसुधा’ ज्वारी आणि ‘भगवा’ डाळिंब शेतकऱ्यांना आपल्या गुरांइतकींच ओळखीचीं आहेत. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेची पायरी न चढतां देशी वाणांची बियाणें जतन केलीं. २०२० मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. वॉशिंग्टनजवळची ती पेढी अक्षरें सांठविते, कोंभाळण्याची ही पेढी बियाणें सांठविते, ठेव एकच. या दोन पेढ्यांमध्यें हुंडी चालूं व्हावी, एवढेंच उरलें आहे.

तें काम आपल्यासारख्या चार बुकें शिकलेल्या घरांचें आहे. घरांतील एखाद्या मुलानें इंग्रजी व्याख्यान ऐकलें, तर तें रात्रीं जेवतांना मराठींत सांगावयास लावावें. जेथें त्याची जीभ अडेल, तेथें समज अडली आहे असें समजावें. पिकलेलें केळें कुस्करून त्यांत मीठ, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालावे, गाळून वरून गार केलेलें स्पिरिट हलकेंच सोडावें. पांढरे तंतू वर येतात, त्यांत डीएनए असतो. नातीनें हा प्रयोग केला, तेव्हां जन्मभर घोकविलेला शब्द मीं प्रथमच डोळ्यांनीं पाहिला. तिनें विचारलें, “आजोबा, हें तुम्हीं शाळेंत कां नाहीं दाखविलेंत?” माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. माझे विद्यार्थी आतां कापूस पिकवितात, आणि त्यांतील कांहींनीं ती पुडी बांधावर टाकली असेल, हा विचार मला सोडीत नाहीं.

मेंडेलचा लेख छापला गेला होता, आणि तरी वाया गेला होता. आजचें भांडार तर त्याहून लाखपट मोठें आणि सताड उघडें आहे. त्याच्या दारांत उभें राहून आंतलें बाहेर सांगणारा कोणीतरी दर गांवीं निघाला पाहिजे. नेवाशास तो सातशें वर्षांपूर्वींच निघाला होता.